तोकड्या बेसची सैल तार

तारांचा दवाखाना : वाचकांची पत्रं आणि उत्तरं

प्रश्न : मी सेलूला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि मामांच्या गायन पार्टीत भीमगीतांना बेस गिटार वाजवतो. माझे पंजे लहान, म्हणून मार्चमध्ये एक जुनी, छोट्या मापाची बेस घेतली. तारा गंजलेल्या होत्या. परभणीत मोठ्या बेसचं ४५-१०५ चं (सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) पाकीट मिळालं, तेच आणून तारा कापून बसवल्या. तेव्हापासून सगळ्यात जाड तार रबरासारखी लोळते. पहिल्या तीन-चार फ्रेटवर (दांडीवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांवर) खरखर येते आणि बाराव्या फ्रेटकडं गेलं की सूर चढतो. पार्टीतल्या एका दादांनी नेकमधला, म्हणजे दांडीतला, रॉड आवळायला सांगितला. एक पूर्ण फेरा आवळला, तर खरखर दुप्पट झाली. बेस विकून टाकू का?
– एक वाचक, सेलू

उत्तर : विकू नकोस. (माझी धाकटी लेक तुझ्याहून मोठी आहे, तेव्हा अहो-जाहो जमणार नाही.) तक्रारी तीन लिहिल्यास, पण रोग दोनच आहेत, आणि त्यातला एक तू पाना हातात घेऊन स्वतःच लावून घेतलास.

आधी माप. बेस ‘छोटी’ आहे म्हणतोस, किती छोटी ते लिहिलं नाहीस. शिंप्याची टेप घे. खुंट्यांच्या अलीकडं ज्या पट्टीच्या खाचांतून तारा जातात तो नट. तिथपासून बाराव्या फ्रेटच्या पट्टीपर्यंत माप आणि दुप्पट कर. पंधरा इंच भरले तर बेस ३० इंची, म्हणजे शॉर्ट स्केल. सतरा भरले तर ३४ इंची, आणि मग हे उत्तर तुझ्यासाठी नाही. थेट ब्रिजपर्यंत, म्हणजे दुसऱ्या टोकाच्या घोडीपर्यंत, टेप ओढू नकोस, तिथं प्रत्येक तारेचं सॅडल (तार टेकते तो छोटा ठोकळा) मागंपुढं सरकलेलं असतं, आकडा फसवतो. आणि ३० इंची म्हणजे पोरांचं खेळणं, असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नकोस. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीनं १९६१ साली हॅम्बुर्गमध्ये घेतलेली होफनरची व्हायोलिनच्या आकाराची बेस ३० इंचीच होती. फेंडर कंपनीनं १९६६ मध्ये काढलेली मस्टँग बेसही तेवढीच.

आता जाड तार का लोळते ते. अंबाजोगाईला लहानपणी मी ज्यांच्याकडं गाणं शिकायचा प्रयत्न केला (प्रयत्नच म्हणायचं), त्यांच्या माजघरात दोन तंबोरे होते, एक मर्दानी, एक बायकी. गुरुजी घरात नाहीत असं बघून एकदा मी बायकी तंबोरा काळी एकपर्यंत, म्हणजे पुरुषांच्या खालच्या पट्टीपर्यंत, उतरवला. खर्जाची तार घोडीवर अशी सुस्त पडली की छेडली तर नुसतं ‘भळक’ व्हायचं. गुरुजी आले, ऐकलं आणि एवढंच म्हणाले, “अरे, त्याला तेवढी लांबी कुठंय?” मार पडला नाही, पण ते वाक्य पुढं बेस हातात आल्यावर कामी आलं.

तुझ्या बेसवर तेच झालंय. तार तीच, सूर तोच, तर ताण लांबीच्या वर्गाच्या हिशेबानं बदलतो. तीस गुणिले तीस नऊशे, चौतीस गुणिले चौतीस अकराशे छप्पन्न. भागाकार कर. मोठ्या बेसवर ताण शंभर असेल, तर तुझ्यावर अठ्ठ्याहत्तरच राहतो. बावीस टक्के गेले. चारही तारांचा ताण याच हिशेबानं कमी होतो, पण बारक्या तारांना ते खपून जातं. ई, तुझी सगळ्यात जाड तार (मग ए, डी आणि सगळ्यात बारीक जी), म्हणजे सेकंदाला एक्केचाळीस कंपनं, एवढी संथ तार सैल झाली की लगेच कळते, बोटालाही आणि कानालाही.

मग जाड तार घालून ताण परत आणावा का? कागदावर येतो. १०५ च्या जागी साधारण ११९ ची तार घातलीस तर तेवढाच ताण मिळेल. पण ती नटच्या खाचेत बसणार नाही, आणि खाच कोरून बसवलीस तर एवढ्याशा लांबीत काठीसारखी ताठ वागेल, वरचे सूर आणखी बिघडवेल. म्हणून माझा सल्ला मधला: ४५-१०५ किंवा फार तर ५०-१०५, निकेलची, राउंडवाउंड (वरचं वेटोळं गोल तारेचं). ढोलकी-ऑक्टोपॅडच्या गलबल्यात ऐकू यायला तेवढी धार लागते. म्हणजे बघ, तू आणलेली जाडी बरोबर होती. चुकली ती लांबी.

ईची तार हातात घेऊन नीट बघ. एका टोकाला मणी. तिथून पोलादी गाभ्यावर एकावर एक वेटोळी चढवत तार जाड होत जाते, आणि दुसऱ्या टोकाजवळ वरचं वेटोळं संपतं, तार अचानक बारीक होते, पुढं बहुतेक वेळा रंगीत रेशीम गुंडाळलेलं असतं. तो बारीक भाग नट ओलांडल्यावर सुरू व्हायला हवा आणि खुंटीवर तोच गुंडाळला जायला हवा. मोठ्या बेसची तार छोट्या बेसवर घातली की जाड भाग चार इंच जास्त येतो, तू तोच कापलास आणि तोच खुंटीभोवती वळवलास. जाड तार एवढ्याशा खुंटीवर वळत नाही, चिडते. वरचं वेटोळं गाभ्यावरून सुटतं, आत ढिलं फिरतं, आणि तार लावल्यावर पाच मिनिटांत उतरते. सूर टिकत नाही, आवाज कापडात गुंडाळल्यासारखा येतो. चारही खुंट्या एका रांगेत असतील तर ईची खुंटी नटच्या सगळ्यात जवळ, म्हणून तिलाच जास्त त्रास.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. १९९४ साली औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला, आणि तेव्हापासून दर १४ जानेवारीला गेटसमोर माणसांचा समुद्र आणि रात्रभर गाणी असतात. सुरुवातीच्या एका वर्षी मी तिथं उसन्या छोट्या बेसवर होतो. मुंबईहून मोठ्या हौसेनं मागवलेला फ्लॅटवाउंडचा (वरून चपटी पट्टी गुंडाळलेल्या तारांचा) सेट त्याच दुपारी कापून बसवला होता. तिसऱ्या गाण्यात खुंटीवरची चपटी पट्टी उलगडली, घड्याळाच्या स्प्रिंगसारखी. ई गेली. उरलेली रात्र मी ए आणि डीवर, एक सप्तक वर चढून काढली. ढोलकीवाला कानात म्हणाला, “भाऊ, आज बेस उपाशी दिसतीय.” थंडीत घाम फुटला होता.

म्हणून दुकानात जाण्याआधी घरी दुसरं माप घे. तार जिथं अडकते, त्या ब्रिजमागच्या मण्यापासून नटपर्यंत. तीस इंची बेसला ते बहुधा बत्तीस इंचांच्या आसपास येतं. मग पाकिटावर ‘शॉर्ट स्केल’ लिहिलेलं बघूनच घे. डॅडारिओ या तारांच्या कंपनीच्या ईएक्सएल १७० या मोठ्या सेटचंच छोटं रूप १७०एस या नावानं येतं, ४५-१०० चं. तो शेवटचा ‘एस’ वाचायला विसरू नकोस. दुकानदार म्हणेल, “एकच असतंय, कापून टाका.” त्याला नमस्कार कर. एक अपवाद: तारा ब्रिजमधून नाही तर लाकडाच्या पाठीमागून ओवायच्या असतील, तर मणी लांब जातो आणि शॉर्ट स्केलची तार अपुरी पडते. अशा बेसला मिडियम स्केलचं पाकीट लागतं.

नवी तार कापताना आधी ताण, खुंटीच्या पुढं चार-साडेचार इंच सोड, कापायच्या जागेच्या थोडं अलीकडं पकडीनं काटकोनात मोड, आणि मग काप. न मोडता कापलीस तर वेटोळं आतल्या आत सरकतं आणि तार जन्मभर मेल्यासारखी वाजते. दोन-तीन वेढे, वरून खाली. बास.

आता तुझा दुसरा रोग, तो एक फेरा. नेकमधला रॉड तारांच्या ओढीला उलटा जोर देतो. तारा नेकला पुढं वाकवतात, रॉड मागं खेचतो. मोठ्या बेसपेक्षा तुझ्या तारा मुळात कमी ओढतात, त्यात तू रॉड आवळलास. नेक पाठीमागं वाकली, मधला भाग वर आला, आणि सुरुवातीच्या फ्रेटवर दाबलेली तार पुढच्याच फ्रेटला घासायला लागली. पहिल्या तीन-चार फ्रेटवरची खरखर बहुधा तिथूनच. नटच्या खाचा खोल गेल्या तरी असंच होतं, पण मोकळी तार खरखरत नसेल तर नटला हात लावू नकोस. पत्रात मोकळ्या तारेची तक्रार नाही. त्यातही मे महिना. हवा कोरडी, सेलूत बाहेर चाळिशीपार. कोरड्या हवेत फ्रेटबोर्डचं (फ्रेट बसवलेल्या फळीचं) लाकूड आकसतं आणि नेकचा बाक बदलतो, फ्रेटची टोकं कडेला बोटांना टोचायला लागतात. पावसाळ्यात उलट. हा अंक तुझ्या हाती पडेपर्यंत हवा दमट झालेली असेल आणि खरखर आपोआप कमी-जास्त झाली असेल, तरी फसू नकोस. आणि बेस कूलरसमोरच्या भिंतीला टेकवून ठेवायची सवय असेल तर आजच मोड.

दिलेला फेरा परत घे. पाव पाव फेरा, घड्याळाच्या उलट दिशेनं. आज अर्धा, उद्या अर्धा. पाना जड गेला तर थांब आणि जाणत्याकडं ने. नवीन तारा घालून बरोबर सुरात लाव, रात्रभर राहू दे, मग मोज.

मोजायला महागडं काही नको. कोपऱ्यावरच्या दुचाकी मिस्त्रीकडं टॅपेट लावायचं फिलर गेज असतं. पातळ पोलादी पात्यांचा जुडगा, प्रत्येक पात्यावर आकडा. अर्धा तास उसनं माग, आणि परत करताना पुसून दे, तेलाचं आणलेलं तेलाचं देऊ नये. पहिल्या फ्रेटवर ईची तार दाबून धर (पेन्सिल आडवी ठेवून रबर बँडनं बांधलं तरी चालतं), दुसऱ्या हातानं शेवटच्या फ्रेटवर दाब. आता तार म्हणजे सरळ पट्टी. सातव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यात ०.३० मिमीचं पातं घाल. ते तारेला न उचलता, पण घासत गेलं पाहिजे. कोऱ्या नोटांच्या पुडक्यातून एक नोट ओढताना जसं जाणवतं तसं. पातं जातच नाही, तर रॉड अजून सोड. सैल हिंडतं, तर पाव फेरा आवळ. ०.३५ पर्यंत मी चालवून घेतो, सैल तार जास्त झुलते म्हणून.

तार किती उंच ठेवायची हा पुढचा प्रश्न. सतराव्या फ्रेटवर ईखाली अडीच मिमी, जीखाली दोन मिमी. इंटरनेटवर दीड मिमीचे फोटो दिसतील, त्या बेस ३४ इंची असतात आणि वाजवणारे हलक्या बोटांचे. तू भीमगीतात वाजवतोस, तुझा हात तुटून पडत असेल. झुलायला जागा दे.

आणि सूर चढणं सगळ्यात शेवटी. बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर तारेला बोट नुसतं टेकवून छेड, टिंग असा स्वच्छ सूर येतो. मग तिथंच दाबून छेड. मोबाइलवरच्या ट्यूनरमध्ये दाबलेला सूर चढा दिसला तर सॅडल मागं, नटपासून लांब. उतरा दिसला तर पुढं. प्रत्येक वेळी तार परत लाव आणि मगच बघ. तीस इंची बेसवर ईचं सॅडल मागं नेता नेता जागाच संपते, हे माझ्याकडं येणाऱ्या निम्म्या बेसचं दुखणं. स्क्रूवरची स्प्रिंग काढून अर्धी कापली की दोन-तीन मिमी मिळतात. तरी चढलंच तर तुझं बोट बघ. सैल तार जोरात दाबली की तीच ताणली जाते आणि सूर वर जातो. मोठ्या बेसवरून आलेल्या हातांची ही सवय जायला महिना लागतो.

हा क्रम मोडू नकोस. तार, नेक, उंची, सूर. सॅडलपासून सुरू करून नेकपर्यंत आलास, तर परत सॅडलपाशी यावं लागतं. पिकअपची (तारांखालच्या, आवाज उचलणाऱ्या चुंबकांची) उंची वगैरे त्यानंतर, आणि आधीचा आवाज आवडत असेल तर मुळीच नाही.

प्रश्न : आमच्या जालन्याच्या चर्चमध्ये कीबोर्ड आणि क्वायरसोबत मी ३० इंची बेस वाजवते. बोटं सरकताना होणारी चर्र चर्र माइकमध्ये ऐकू येते. फ्लॅटवाउंड तारा घालू का? त्या टिकतात का?
– एक वाचक, जालना

उत्तर : घाला, ताई. गोल तारेच्या वेटोळ्यांवर नख-कातडी घासते म्हणून ती चर्र चर्र. फ्लॅटवाउंडला वरून चपटी पट्टी गुंडाळलेली असते, बोट तेलावरून गेल्यासारखं जातं. आवाज बुटका, गोल, पटकन विरणारा. क्वायरच्या खाली तोच हवा. फ्रेटही कमी झिजतात.

टिकण्याचं म्हणाल, तर डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या १९६० च्या दशकातल्या कितीतरी गाण्यांवर जेम्स जेमरसन यांची बेस आहे. त्यांच्या फ्लॅटवाउंड तारा क्वचितच बदलल्या जायच्या. तुम्हाला दोन-तीन वर्षं तर सहज जावीत. फक्त घाम पुसत जा.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. फ्लॅटवाउंड पुष्कळदा त्याच जाडीच्या गोल तारेपेक्षा ताठ असतात आणि नेकला जास्त ओढतात. बसवल्यावर दोन दिवसांनी वर सेलूच्या मुलाला सांगितलं तसं पातं घालून बघा, पाव फेरा आवळावा लागेल. आणि लांबीत तडजोड नको. यांचा जाड भाग खुंटीवर आला की काय होतं ते वर लिहिलंय, परत सांगवत नाही. काळ्या नायलॉनच्या तारा कुणी सुचवल्या तर नटची खाच बघून घ्या, त्या जाड असतात.

प्रश्न : मुलगी बारा वर्षांची. शाळेच्या बँडमध्ये तिला बेसच हवी आहे. ३० इंची घेऊन दिली तर पुढं मोठी वाजवता येईल का?
– एक पालक, लातूर

उत्तर : येईल. मोठ्या बेसवर पहिल्या फ्रेटपासून चौथ्यापर्यंत साधारण १३० मिमी अंतर असतं, तीस इंचीवर ११४. बारा वर्षांच्या पंजाला ते सोळा मिमी म्हणजे रडणं आणि वाजवणं यातला फरक. वजनही बघा, तासभर पट्ट्यावर अडकवून उभं राहायचंय. शिकलेलं काही वाया जात नाही, अंतरं बदलतात, सूर तेच राहतात. तारा मात्र सुरुवातीला ४०-१०० च्या घ्या, बोटं कोवळी आहेत.

प्रश्न : तारा महाग झाल्यात. जुन्या तारा पाण्यात उकळल्या की नव्यासारख्या होतात म्हणे. खरं का?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : आठवडाभर खरं. वेटोळ्यांच्या फटींत घाम आणि कातडीचा भुसा साचून तार मरते, उकळलं की तो निघतो. फक्त राउंडवाउंड, साध्या पाण्यात दहा मिनिटं, सोडा-साबण काही नको. नंतर कापडानं कोरड्या करून रात्रभर लोंबत ठेवा, ओल राहिली तर आतून गंज. खुंटीवर त्याच मोडीत परत परत वळवलेली तार तुटते, म्हणून एका सेटला दोनदाच.

भगुनं मात्र वेगळं ठेवा. आमच्याकडं एकदा त्याच भगुन्यात चहा ठेवला गेला. पाहुण्यांनी दुसरा कप मागितला नाही.